बॅकस्पेसला ^एच, बाणाला ^[[ए : टर्मिनलमध्ये बटणांचं नेमकं होतं काय?

रानवारा

मंडळी, तीन गोष्टी रोज छळतात आणि त्यांचा एकमेकींशी काही संबंध आहे का तेच कळत नाहीये, म्हणून सगळं एकत्रच विचारतेय.

एक. ऑफिसच्या मशीनवरून सर्व्हरला एसएसएच करते (म्हणजे दुरून लॉगिन). बॅशच्या (कमांड घेऊन चालवतो तो प्रोग्राम) प्रॉम्प्टवर बॅकस्पेस नीट चालतं, वरचा बाण दाबला की मागची कमांड येते, सगळं व्यवस्थित. पण त्याच खिडकीत डेटाबेसचा जुना क्लायंट उघडला की बॅकस्पेस दाबल्यावर ^एच उमटतं आणि बाण दाबल्यावर ^[[ए. कीबोर्ड तोच, सर्व्हर तोच, खिडकी पण तीच, मग बदललं काय?

दोन. अधूनमधून स्क्रीन गोठते. टाइप करा, एंटर मारा, काही म्हणजे काही उमटत नाही. शेवटी खिडकीच बंद करावी लागते.

तीन. घरी लिनक्स लॅपटॉपवर गावांची नावं भरायची एक छोटी बॅश स्क्रिप्ट आहे, रीड कमांडने नाव विचारते. इंग्रजीत लिहून खोडलं तर काही त्रास नाही. मराठीत 'जेजुरी' लिहून बॅकस्पेसने खोडत गेलं की नावाबरोबर 'गाव:' ह्या प्रॉम्प्टची अक्षरं पण पुसली जातात!

कुणी नीट समजावून सांगेल का?

टिपकागद

रीसेट टाइप करून एंटर मारा, बहुतेक वेळा सुटतं. मी तर कितीतरी वर्षं हेच करतोय.

जुनी_तार

रीसेटने आजचा दिवस निघेल, उद्या परत तेच होणार. हा विषय माझ्या फार जवळचा आहे, त्यामुळे जरा लांबण लावतो, वाचा सावकाश. (कमांड देवनागरीत लिहितोय, टाइप करताना अर्थातच रोमन.)

बटण दाबल्यापासून प्रोग्रामपर्यंत तीन टप्पे आहेत. पहिला टर्मिनल एम्युलेटर, म्हणजे समोरची ती खिडकी. दुसरा सर्व्हरच्या कर्नलमधला (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातला) टीटीवाय, त्याच्या ज्या भागात ही सगळी उलाढाल होते त्याला लाइन डिसिप्लिन म्हणतात. तिसरा प्रोग्राम, मग तो बॅश असो, व्हिम हा एडिटर असो की तुमचा तो क्लायंट. आणि ह्या तिघांतून वाहतात ते नुसते बाइट. 'वरचा बाण दाबला' अशी खबर कुणीच कुणाला देत नाही, खिडकी बाणासाठी तीन बाइट सोडते, 27, 91 आणि 65, म्हणजे एस्केप, उघडा चौकोनी कंस आणि कॅपिटल ए, आणि पुढच्याने त्याचा अर्थ लावायचा.

कंट्रोलचं गणित त्याहून सरळ आहे. आस्की म्हणजे अक्षरांना आकडे देणारा तक्ता, त्यात कॅपिटल सी 67 वर आहे, कंट्रोल धरलं की त्यातून 64 वजा होतात, राहिले 3. डी म्हणजे 4, झेड म्हणजे 26. ह्याच हिशोबाने कंट्रोल-आय 9 येतो आणि टॅब पण 9च आहे, कंट्रोल-एम 13 आणि एंटर पण 13, कंट्रोल-[ 27 आणि एस्केप पण 27. पुढच्या प्रोग्रामला ह्यातलं कुठलं बटण दाबलं हे कळायची सोयच नाही, बाइट एकच आहे.

आता तुमचा पहिला प्रश्न. कर्नलचा टीटीवाय एरवी 'कूक्ड' मोडमध्ये असतो. म्हणजे एंटर मारेपर्यंत ओळ स्वतःकडे जमवतो, प्रोग्रामला एक अक्षर देत नाही, आणि तोवरची खोडाखोड पण तोच करतो. खोडायचा बाइट कुठला हे एका सेटिंगमध्ये लिहिलेलं असतं. 'एसटीटीवाय -ए' (टर्मिनलची सेटिंग दाखवणारी कमांड) मारून बघा, 'इरेज' समोर ^? असेल (म्हणजे 127) किंवा ^एच (कंट्रोल-एच, म्हणजे 8). तुमची खिडकी 8 पाठवत असणार आणि कर्नल 127ची वाट बघत असणार. मग 8 हे कर्नलला कुठलंतरी कंट्रोल अक्षर वाटतं, ते तो ओळीत जमा करतो आणि स्क्रीनवर ^एच दाखवतो.

मग बॅशमध्ये का चालतं? कारण प्रॉम्प्ट दाखवताना बॅश कूक्ड मोड बंद करून टाकतो आणि रीडलाइन नावाची लायब्ररी एकेक बाइट स्वतः वाचते. तिला 8 आणि 127 दोन्ही चालतात, 27-91-65 म्हणजे मागची कमांड हे पण तिला माहीत आहे. कमांड चालवायला घेतली की बॅश मोड परत कूक्ड करतो. तुमचा क्लायंट रीडलाइन वापरत नाही, तो कर्नलच्या भरवशावर आहे, आणि कर्नलला बाण ही गोष्टच ठाऊक नाही. म्हणून एस्केपचं ^[ आणि त्याच्यापुढे [ए असं जसंच्या तसं उमटतं.

बिघाड कुठल्या टप्प्यावर आहे हे बघायची युक्ती: कंट्रोल-व्ही दाबा आणि मग ते बटण दाबा. खिडकीने खरोखर काय पाठवलं ते तसंच्या तसं दिसेल. 'शोकी -ए' मारलंत तर प्रत्येक बाइटचा आकडाच दिसतो, बाहेर पडायला कंट्रोल-डी. आकडा आणि 'एसटीटीवाय -ए' शेजारी ठेवा, जुळत नसेल तर तिथेच दुखणं आहे.

सह्यकडा

जुनी_तार, फार छान लिहिलंत. दुसऱ्या प्रश्नाचं मी सांगतो. रानवारा, तुमचा हात कंट्रोल-एसवर पडतोय, सेव्ह करायच्या सवयीने. कंट्रोल-एस म्हणजे 19, टर्मिनलच्या भाषेत 'थांब'. कर्नल आउटपुट धरून ठेवतो. कंट्रोल-क्यू दाबा, म्हणजे 17, 'चालू दे', तेवढ्या वेळात तुम्ही जे टाइप केलं असेल ते सगळं भसाभस बाहेर येईल.

हे आलं टेलिटाइपवरून, म्हणजे तारेवरून मजकूर पाठवणाऱ्या जुन्या टंकयंत्रावरून. 1963 साली मॉडेल 33 टेलिटाइप बाजारात आलं, त्याच वर्षी आस्कीचं पहिलं मानक निघालं. त्या मशीनला कागदी पट्टी वाचायचं यंत्र होतं, ते सुरू करायचा बाइट 17 आणि थांबवायचा 19. पुढे कागद गेला, बाइट राहिले. 127चं पण तसंच, पट्टीवर अक्षराच्या सात बिटांना सात भोकांची जागा असायची, चुकलेल्या अक्षरावर सातही भोकं पाडली की ते अक्षर बाद, आणि सातही भोकं म्हणजे 127. म्हणून खोडायला 127.

आज सहसा कुणाला हे थांबव-चालव लागत नाही. बॅशआरसीमध्ये (बॅश सुरू होताना वाचतो ती फाइल) 'एसटीटीवाय -आयएक्सऑन' एवढी ओळ टाका, कंट्रोल-एस मोकळं होतं. आणि मोकळं झालं की रीडलाइनचा जुन्या कमांडमधला पुढच्या दिशेचा शोध त्याच बटणावर आहे, मागच्या दिशेने शोधणाऱ्या कंट्रोल-आरचा जोडीदार, तो कामी येतो. कितीतरी लोकांना तो आहे हेच माहीत नसतं कारण कर्नल बटण मध्येच खाऊन टाकतो.

मोगरा_७७

एक भर घालते. पासवर्ड विचारतात तिथे पण कूक्ड मोडच असतो, फक्त अक्षरं उमटायची बंद केलेली असतात. तिथे इरेजचा घोळ असेल तर बॅकस्पेस दाबून पासवर्ड सुधारलात तरी सुधारत नाही, चुकीचं अक्षर राहतं आणि वर 8 नंबरचा बाइट पण पासवर्डात जातो. स्क्रीनवर काहीच दिसत नसल्यामुळे माणूस पासवर्ड आठवत बसतो आणि शेवटी अकाउंट लॉक. अशा वेळी कंट्रोल-यू दाबावं, अख्खी ओळ साफ होते, ते बटण सहसा कुणी बदललेलं नसतं.

टिपकागद

मला एक सांगा, कंट्रोल-सी आणि कंट्रोल-डी दोन्हीने प्रोग्राम बंद होतो ना? मग दोन कशाला?

जुनी_तार

टिपकागद, दोन्हींचं काम अगदी वेगळं आहे. कंट्रोल-सीचा 3 आला की कर्नल तो बाइट प्रोग्रामला देतच नाही, पुढे चालू असलेल्या सगळ्या प्रोसेसच्या गटाला सिगइंट नावाचा सिग्नल पाठवतो. प्रोग्रामने ठरवायचं की मरायचं की सिग्नल हाताळायचा. कंट्रोल-डीमध्ये सिग्नल वगैरे काही नाही. 'जमलेलं असेल ते आत्ताच्या आत्ता प्रोग्रामला देऊन टाक' एवढाच त्याचा अर्थ. ओळ रिकामी असेल तर प्रोग्रामला शून्य बाइट मिळतात, आणि शून्य बाइट म्हणजे फाइल संपली असा यूनिक्सचा करार आहे, म्हणून तो बाहेर पडतो. हे डोळ्यांनी बघायचं असेल तर नुसतं कॅट (मिळेल ते जसंच्या तसं छापणारी कमांड) चालवा, काहीतरी अर्धवट लिहा आणि एंटर न मारता कंट्रोल-डी दाबा. कॅट ते शब्द परत छापेल पण बंद होणार नाही. लगेच दुसऱ्यांदा दाबलं की बंद. दोनदा का दाबावं लागतं हे आता कळलं असेल.

आणि व्हिमसारखा प्रोग्राम कर्नलला सांगून कूक्ड मोड बंद करतो तेव्हा ओळ जमवणं, खोडणं, कंट्रोल-डी, ह्या कशालाच अर्थ राहत नाही, बाइट थेट त्याच्या हातात पडतात.

खडूफळा

व्हिमचा विषय निघालाच आहे तर, टीमक्समध्ये (एका टर्मिनलमध्ये अनेक टर्मिनल चालवणारा प्रोग्राम) व्हिम चालवलं की एस्केप दाबल्यावर किंचित थांबून मग मोड बदलतो. हे माझ्या हाताला फार खुपतं. ह्याच्यामागे पण हेच आहे का?

सह्यकडा

हो, हेच. बाणाची सुरुवात 27ने होते आणि एकट्या एस्केपचा बाइट पण 27च. ऑल्ट धरून अक्षर दाबलं तरी बहुतेक टर्मिनल 27 आणि मग ते अक्षर असंच पाठवतात. म्हणजे 27 आला की पुढे आणखी काही येतंय का हे बघायला थांबावंच लागतं, दुसरा मार्गच नाही. टीमक्सचा हा थांबा बरीच वर्षं 500 मिलिसेकंद होता, 'एस्केप-टाइम' नावाचं सेटिंग आहे, 10 किंवा 20 करा, जाणवणारसुद्धा नाही. अगदी शून्य मात्र करू नका, नेट संथ असेल तर बाणाचे तीन बाइट तुटून येतात आणि व्हिममध्ये भलतंच काहीतरी होतं. व्हिमचा स्वतःचा असाच थांबा ठरवणारं 'टीटाइमआउटलेन' पण बघून घ्या.

खडूफळा

10 केलं, लोण्यासारखं चालतंय. मनापासून आभार.

मग शिफ्ट-एंटर आणि एंटर वेगळे ओळखता येत नाहीत ते पण ह्यामुळेच ना?

सह्यकडा

बरोबर. एंटर म्हणजे 13, शिफ्ट लावली तरी 13. ही माहिती खिडकीतच गळून जाते, पुढे कितीही हुशार प्रोग्राम असला तरी त्याला ती मिळत नाही. ह्याच्यावर आता किटी टर्मिनलने एक नवी पद्धत आणलीय, प्रोग्रामने मागितलं तर खिडकी बटणाचा नंबर आणि शिफ्ट-कंट्रोल-ऑल्टची स्थिती एका लांब एस्केप ओळीत पाठवते, मग कंट्रोल-आय आणि टॅब पण वेगळे कळतात. बऱ्याच नव्या टर्मिनलनी ती उचललीय. माझ्या मते इतक्या वर्षांत ह्या क्षेत्रात झालेली ही सगळ्यात चांगली गोष्ट आहे. अट एकच, खिडकी आणि प्रोग्राम दोघांना ती यायला हवी.

अक्षरवेल

तिसऱ्या प्रश्नाला अजून कुणी हात लावला नाही आणि मला तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण तो आपला आहे, इंग्रजीत टाइप करणाऱ्याच्या तो कधी वाट्यालाच येत नाही.

'जेजुरी' घ्या. डोळ्याला तीन अक्षरं दिसतात, जे, जु, री. युनिकोडमध्ये ते सहा कोडपॉइंट (प्रत्येक चिन्हाला दिलेला क्रमांक) आहेत: ज, े, ज, ु, र, ी. यूटीएफ-8 ह्या बाइटमध्ये लिहायच्या पद्धतीत देवनागरीचा प्रत्येक कोडपॉइंट तीन बाइटचा, म्हणजे झाले 18 बाइट. आणि टर्मिनलमध्ये चौथा हिशोब असतो तो रकान्यांचा. ज, ज, र ह्यांना एकेक रकाना, े आणि ु वर-खाली चिकटतात म्हणून त्यांना शून्य, आणि ी शेजारी उभी राहते म्हणून बहुतेक ठिकाणी तिला एक. एकूण चार.

तीन, सहा, अठरा, चार. एकाच शब्दाचे चार आकडे, आणि बॅकस्पेस दाबल्यावर कर्नलने ह्यातला कुठला धरायचा?

पूर्वी कर्नल बाइट धरायचा. एक बॅकस्पेस, एक बाइट गेला, अक्षराचा एक तृतीयांश तुकडा उडाला आणि मागे कचरा उरला. मग लिनक्समध्ये 'आययूटीएफ8' नावाचं सेटिंग आलं. ते चालू असेल तर कर्नल पूर्ण कोडपॉइंट काढतो, तिन्ही बाइट एकदम. बाइटचा प्रश्न त्याने सुटला. पण स्क्रीनवरून पुसताना कर्नल प्रत्येक कोडपॉइंटला एक रकाना धरतो: एक घर मागे जा, तिथे स्पेस छाप, परत एक घर मागे ये. वेलांटीला एक घर, उकाराला एक घर, मात्रेला पण एक घर. 'जेजुरी' खोडायला सहा बॅकस्पेस लागतात, कर्सर सहा घरं मागे जातो, आणि शब्दाने जागा तर चारच घरांची घेतलेली. उरलेली दोन घरं तुमच्या प्रॉम्प्टची होती, रानवारा. 'गाव:' आणि त्याच्यापुढची मोकळी जागा असेल तर ती जागा आणि विसर्गासारखं दिसणारं ते चिन्ह गेलं.

ह्याहून वाईट म्हणजे मधल्या अवस्थेत स्क्रीन खोटं सांगते. 'जेजु' लिहून एकदा खोडलं की कर्नलने काढला फक्त उकार, पण स्क्रीनवरून पुसला अख्खा 'जु'. तुम्हाला दिसतं 'जे', कर्नलकडे आहे 'जेज'. पुढे 'धुरी' लिहून एंटर मारलात तर फाइलमध्ये जाणार 'जेजधुरी'. नोंदींच्या कामात हे फार घातक आहे आणि ज्यांनी सिस्टिम बांधली त्यांच्या हे लक्षातही येत नाही, कारण ते कधी 'जु' टाइप करून खोडत नाहीत.

उपाय सोपा आहे. स्क्रिप्टमध्ये 'रीड -पी' आहे तिथे 'रीड -ई -पी' करा. -ई दिलं की कर्नलऐवजी रीडलाइन ओळ वाचते, आणि रीडलाइन अक्षराची रुंदी बघून पुसते.

मोगरा_७७

अक्षरवेल, हे इतकं नेमकं मी कुठेच वाचलं नव्हतं. मी पण आत्ता नुसतं कॅट चालवून 'शुभेच्छा' लिहून खोडून बघितलं, तंतोतंत तसंच होतं.

एक विचारू का? दुसऱ्या मशीनवर एसएसएच केलं तर हे आययूटीएफ8 सेटिंग पलीकडे जातं का?

अक्षरवेल

जातं, दोन्हीकडचं ओपनएसएसएच 7.3 किंवा नंतरचं असेल तर, ते 2016 मध्ये आलं. त्याआधीचं कुठे असेल तर लॉगिन झाल्यावर हाताने 'एसटीटीवाय आययूटीएफ8' मारायचं.

इनस्क्रिप्ट वापरणाऱ्यांनी अजून एक लक्षात ठेवा. इनस्क्रिप्टमध्ये सीच्या बटणावर म आहे. मराठी लेआउट चालू असताना कंट्रोल धरून ते बटण दाबलं तर खिडकीला आधी ठरवावं लागतं की हा सी धरायचा की म. सीचा 67 आहे, त्यातून 64 वजा करून 3 मिळतो. मचे बाइट 224, 164, 174, त्यांचं कंट्रोल रूप असं काही नसतंच. काही टर्मिनल समजूतदारपणे मागच्या रोमन लेआउटकडे बघतात आणि 3 पाठवतात, काही नाही पाठवत. कंट्रोल-सी चालत नाहीये असं वाटलं तर आधी भाषा कुठली चालू आहे ते बघा.

टिपकागद

वाचून बरंच कळलं. मग रीसेट नेमकं काय करतं आणि कधी वापरायचं?

जुनी_तार

दोन कामं करतं. कर्नलची सेटिंग शहाण्यासारखी करतं ('एसटीटीवाय सेन' एवढंच करतं), आणि खिडकीला एस्केप कोड पाठवून तिची अवस्था मूळपदावर आणतं. बायनरी फाइल चुकून कॅट केली आणि अक्षरांऐवजी रेघा-चौकटी दिसायला लागल्या, किंवा व्हिम उघडं असताना एसएसएच तुटलं आणि आता माऊस क्लिक केलं की आकडे आणि अर्धविराम उमटतात, तर खिडकी बिघडलीय, रीसेट हवंच.

कधीकधी रीसेट लिहून एंटर मारलं तरी नुसतं ^एम दिसतं. एखादा प्रोग्राम रॉ मोड (कूक्डच्या उलटा) तसाच टाकून मेला की असं होतं. एंटर 13 पाठवतं आणि एरवी कर्नल त्याचा 10 करून देतो, ते भाषांतर बंद पडलेलं असतं. तेव्हा एंटरऐवजी कंट्रोल-जे दाबा, तो थेट 10 आहे. कंट्रोल-जे, मग रीसेट, मग परत कंट्रोल-जे. टाइप केलेलं दिसणार नाही कदाचित, तरी करा.

रानवारा

तुम्हा सगळ्यांचे खूप खूप आभार. करून बघितलं ते सांगते.

कंट्रोल-व्ही आणि बॅकस्पेस, उत्तर ^एच. म्हणजे ऑफिसची खिडकी 8 पाठवते. सर्व्हरवर 'इरेज' समोर ^?. आणि शोधल्यावर सापडलं की सर्व्हरच्या प्रोफाइल फाइलमध्ये कुणीतरी 'एसटीटीवाय इरेज' ची ओळ लिहून ठेवलीय, ती प्रत्येकाच्या लॉगिनला चालते. माझ्या खिडकीच्या सेटिंगमध्ये बॅकस्पेससाठी 127 निवडलं, क्लायंटमध्ये लगेच नीट चालायला लागलं. कंट्रोल-एसची ओळ पण टाकली. घरच्या स्क्रिप्टला -ई लावलं, 'जेजुरी' लिहून खोडलं, 'गाव:' जागच्या जागी.

बाणाचं काय करू? क्लायंट बदलणं माझ्या हातात नाही.

जुनी_तार

'आरएलरॅप' नावाची छोटी युटिलिटी आहे, सर्व्हरवर बसवून घ्या. क्लायंटच्या कमांडच्या आधी आरएलरॅप लिहायचं, ती मध्ये बसून रीडलाइन पुरवते. बाण, मागच्या कमांड, कंट्रोल-आर, सगळं मिळतं.

आणि एक महत्त्वाचं. तुम्ही त्या क्लायंटमध्ये ^एच दिसत असताना नावं भरलीत का? भरली असतील तर 8 नंबरचे बाइट टेबलात गेले असतील. ते नुसतं बघून कळत नाहीत, कारण परत छापताना 8 आला की कर्सर एक घर मागे जातो आणि पुढचं अक्षर चुकीच्या अक्षरावर बसतं, म्हणजे स्क्रीनवर नाव बरोबर दिसतं. शोधायला गेलात की मात्र सापडत नाही.

रानवारा

अरे देवा. दोन-तीन गावं शोधात येतच नाहीत म्हणून आमच्याकडे आठवडाभर चर्चा चाललीय! कशी शोधू?

जुनी_तार

क्वेरीत नावाच्या रकान्यावर इन्स्टर (अक्षर कितव्या जागी आहे ते सांगणारं फंक्शन) लावा आणि त्यात सीएचआर(8), म्हणजे 8 नंबरचं अक्षर, शोधा, शून्यापेक्षा मोठं उत्तर आलं ती ओळ बिघडलेली. सीएचआर(127) साठी पण एकदा चालवा, दुसऱ्या कुणाची खिडकी उलटी असू शकते. फाइलमध्ये काढून बघायचं असेल तर 'लेस -यू' (फाइल वाचायची कमांड, यू कॅपिटल) देऊन उघडा, ^एच ठळक दिसेल.

नुसता 8 काढून टाकणारी अपडेट क्वेरी मात्र चालवू नका. 8च्या आधीचं चुकीचं अक्षर तसंच राहील, आणि देवनागरीत एका 8मागे नक्की किती कोडपॉइंट टाइप करणाऱ्याला खोडायचे होते हे मशीनला ठरवता येत नाही. यादी काढा आणि हाताने दुरुस्त करा.

रानवारा

क्वेरी चालवली. यादी आली, एका पानात मावेल एवढीच आहे, आणि ती न सापडणारी गावं सगळी त्यातच आहेत. उद्या मूळ कागद समोर घेऊन एकेक दुरुस्त करते. प्रोफाइलमधली ती ओळ काढायला सर्व्हर बघणाऱ्यांना आत्ताच मेल लिहितेय, ह्या धाग्याची लिंक पण देते.